पाठमोरी खुर्ची

बेबीताईंचा हळदीचा कार्यक्रम असला की जनूदादा मांडवात सगळ्यांच्या आधी हजर. पहिल्या रांगेतली मधली खुर्ची उचलायचा, फिरवायचा आणि स्टेजकडे पाठ करून बसायचा. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा नवा साउंडवाला त्याला अदबीनं म्हणाला, "दादा, कुर्सी उल्टी है." जनूदादानं त्याच्याकडे शांतपणे पाहिलं. "बराबर है," तो म्हणाला. त्याच्या मनगटाचा घेर बघून साउंडवाला मुकाट आपल्या वायरींकडे वळला.

बेबीताई हळदीची गाणी गातात आणि मी त्यांच्या पार्टीत कीबोर्ड वाजवतो. दिवसा ऑफिस, राहायला भाईंदर पूर्वेला, मूळ गाव रत्नागिरीकडचं. त्यामुळे आगऱ्यांच्या हळदीत सुरुवातीला मी अगदीच बुजलेला असायचो. बेबीताई मात्र त्यांच्या राई गावापासून उत्तनपर्यंत आणि खाडीपलीकडेही घराघरांत ठाऊक. त्यांची तारीख मिळेना म्हणून लोकांनी हळदी पुढे ढकललेल्या मी पाहिल्या आहेत. आणि जनूदादा एके काळचा राज्याचा बॉक्सिंग चॅम्पियन. राईत दोघांच्या घरांना एकच कुंपण. कुणी विचारलं, "भाऊ-बहीण का हो तुम्ही?" तर तो म्हणे, "न्हाय. शेजारी." पण हा शब्द तो असा उच्चारायचा की सख्खेपणा त्यापुढे फिका वाटावा.

एकदा धीर करून मी खुर्चीचं कारण विचारलंच. "मना बघवत न्हाय," तो म्हणाला. "रिंगमदे मार बसला त मना बसतो. हितं तिचा सूर चुकला त मी काय करू? कोनाला ठोसा मारू?" बेबीताईंची तऱ्हा तीच. त्यांनी त्याची एकही लढत डोळ्यांनी पाहिली नाही. हॉलबाहेर भिंतीला पाठ लावून उभ्या राहायच्या आणि आतल्या आरोळ्यांवरून अंदाज बांधायच्या.

राज्य स्पर्धेची हकीकत त्या दरवेळी नव्यानं रंगवून सांगतात. वजन गटात बसावं म्हणून जनू दिवसेंदिवस उपाशी होता, भर मे महिन्यात रेनकोट घालून धावत होता. ओठ फुटलेले, डोळे खोल गेलेले. वजनाच्या दिवशी सकाळी बेबीताई तांदळाच्या भाकऱ्या आणि बोंबलाचं कालवण घेऊन थेट स्टेडियमवर. "खा रं, एवढ्यानं काय व्हतंय!" आणि या शहाण्यानं खाल्लं! काट्यावर उभा राहिला तर वजन गटाच्या वर. प्रशिक्षकांनी कपाळाला हात लावला. वरच्या गटात एक जागा रिकामी होती म्हणून नाइलाजानं त्याला तिथे उतरवलं. तिथली पोरं अंगानं दांडगी. पण याच्या पोटात बऱ्याच दिवसांनी अन्न आणि पायांत बळ. पठ्ठ्या चॅम्पियन होऊनच बाहेर आला. बाहेर बेबीताई तशाच भिंतीला टेकून, डोळे मिटून उभ्या. "उपाशी राहून हरनार व्हतो," जनूदादा सांगायचा, "हिनं मना जेवू घालून जिंकवला."

गेल्या वर्षी बेबीताईंच्या गळ्यात गाठ निघाली. साधीच होती, देवाची कृपा. ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी बोलायला सक्त मनाई केली. बेबीताई आणि गप्प! आम्हा सगळ्यांना तेच अवघड वाटलं. जनूदादा त्यांच्या ओटीवर ठाण मांडून बसला. कुणी भेटायला आलं की एकच वाक्य: "बेबी घरात हाय, आवाज घरात न्हाय." आतून ताटावर पळी आपटल्याचा आवाज आला की तो अर्थ सांगायचा. मी गेलो तेव्हा पळी दणादण वाजली. मी म्हटलं, "चहा घे म्हणतात का?" तो म्हणाला, "न्हाय. मना घरी जा सांगतंय." आणि तसाच बसून राहिला.

आवाज परत आला, पण वरचे सूर गेले. काळी चारच्या ज्या उंच पट्टीत त्या लीलया गात, तिथे आता गळा चिरकायचा. मी भीत भीत सुचवलं, "ताई, पट्टी उतरवूया. काळी एक धरू." त्या माझ्यावर कडाडल्या, "पट्टी उतरवली त बेबी संपली! त्यापेक्षा गाना बंद." त्या खरोखरच बंद करणार होत्या. राईतल्याच एका घरच्या, त्याच संध्याकाळच्या हळदीची सुपारी परत पाठवायला निघाल्या होत्या.

तेव्हा जनूदादा ओटीवरूनच बोलला, आवाज न चढवता. "मना भाकर चारून गट कोनी बदलला? तवा मी संपलो का? गट बदलला, बेबी. बॉक्सर तोच व्हता." बेबीताईंनी परत करायला घेतलेली सुपारी खाली ठेवली. मग मला म्हणाल्या, "काली एक. पन जनू, आज पाठ न्हाय दाखवायची. मना तुजा तोंड दिसू दे."

त्या संध्याकाळी मांडवात हळदीच्या ताटाभोवती बायका जमल्या होत्या आणि जनूदादा स्टेजकडे तोंड करून बसला होता. खुर्चीचे हात असे आवळलेले की प्लास्टिक मोडेल असं वाटत होतं. मी काळी एकचा सूर दिला. बेबीताईंनी पहिली ओळ उचलली. आवाज ओळखीचाच होता, जरा खाली उतरलेला, पण जाडसर आणि भरलेला, आणि कुठेही न चिरकणारा. वरातीच्या कडव्यावर मांडवातल्या म्हाताऱ्या उठून नाचायला लागल्या तेव्हा माझ्या छातीवरचा दगड उतरला. खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं.

आणि जनूदादा? डोळे घट्ट मिटून बसलेला! दोन कडव्यांच्या मध्ये बेबीताई माइकवरूनच ओरडल्या, "जन्या, डोले उघर!" मांडव हसून लोटपोट.

त्यानं एक डोळा उघडला, मग दुसरा. गाणं संपलं तसं स्टेजकडे वाकून त्यानं मला हळूच विचारलं, "गटात बसली?"

"बसली, दादा," मी म्हटलं.

तो उठला. खुर्ची उचलून फिरवली, स्टेजकडे पाठ करून आरामात मागे रेलला आणि साउंडवाल्याकडे बघून म्हणाला, "अब बराबर है."