पुराव्यासाठी घेतलेला कॅमेरा

दातवाल्या मावशींना त्यांच्या कामात कुणी खोट काढलेली खपत नसे. घराच्या मागच्या खोलीत त्या दातांच्या डॉक्टरांसाठी कॅपा बनवायच्या. सिरॅमिकची पावडर कालवायची, बारीक कुंचल्याने थरावर थर चढवायचे, भट्टीत भाजायचं आणि घासूनपुसून चमकवायचं. निम्मं गाव मावशींनी केलेल्या दातांनी हसायचं आणि त्याचा कुणाला पत्ताही नसायचा. याचं त्यांना वाईट वाटत नसे. कॅप ओळखू आली तर ती फसली, असं त्या म्हणायच्या.

मात्र काही महिन्यांपासून चौकातल्या डॉक्टरीणबाईंकडून कॅपा परत यायला लागल्या. तक्रार एकच, रंग पिवळट आहे. पहिल्या वेळी मावशींनी मुकाट्याने नवी करून दिली. दुसऱ्या वेळी तोंड वाकडं करून दिली. तिसऱ्या वेळी त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. प्रत्येक डॉक्टरकडे नमुन्याच्या दातांची एक पट्टी असते. पेशंटच्या तोंडाशी ती धरून डॉक्टर रंगाचा नंबर कळवतात आणि इकडे तसल्याच पट्टीवरून कॅप बनते. मावशींनी परत आलेली कॅप खिडकीत नेली, त्या नंबरच्या नमुन्याशेजारी धरली. तंतोतंत जुळत होती.

डॉक्टरीणबाई बोलायला गोड. पुढच्या दातांचं काम आता दुसऱ्या लॅबला द्यावं म्हणते, दाढा तुमच्याकडेच राहतील, असं त्यांनी फोनवर सांगितलं. दाढा काय, कुणीही बनवतं! पुढचे दात गेले म्हणजे मावशींची अब्रूच गेली. त्यांनी पुरावा म्हणून मोबाइलवर फोटो काढून पाठवला, तर बाईंचं उत्तर आलं की मोबाइलच्या रंगावर विश्वास ठेवता येत नाही. मग चांगल्या कॅमेऱ्याने काढते, म्हणाल्या मावशी, आणि हट्टाला पेटल्या.

नव्या कॅमेऱ्याची किंमत ऐकून त्या दुकानातून आल्या पावली परतल्या. जुना, अगदी शिकाऊ लोकांचा का होईना, पण लेन्सवाला डीएसएलआर हवा. पाणीखात्यातून निवृत्त झालेले यजमान रोज संध्याकाळी जाहिराती वाचून दाखवू लागले. एकजण फोनच उचलेना. एकाकडे चार्जर नव्हता. एकाच्या जाहिरातीत लेन्ससकट फोटो होता आणि मिळणार होती नुसती बॉडी. "मग लेन्स काय शोभेला लावली होती?" असं मावशींनी त्याला फोनवरच सुनावलं.

शेवटी लग्नाचे फोटो काढणाऱ्या एकाने एकाच मॉडेलचे दोन कॅमेरे टेबलावर मांडले. एकाचे कोपरे झिजलेले, अंगावर ओरखडे. दुसरा खोक्यातला, आरशासारखा. फोटोग्राफर म्हणाला, "काकू, हा खरचटलेला घ्या. रोज चालवलाय मी." मावशी मनात म्हणाल्या, मला शिकवतोय! ज्या धंद्यात सुईएवढा ओरखडा दिसला की माल परत येतो, त्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. त्यांनी चकचकीत उचलला.

घरी आल्यावर फोटो धुरकट यायला लागले. काच पुसली. पुन्हा धुरकट. दिवा बदलला, खिडकी बदलली, दिवा धरणाऱ्या यजमानांवर तोंडसुख घेतलं, तरी धूर हटेना. पुन्हा फोटोग्राफरकडे गेल्या. त्याने लेन्समध्ये बॅटरीचा झोत मारला. आत बुरशीचं जाळं पसरलं होतं. कॅमेरा कपाटात पडून पडून ती धरली होती. वर थोडे पैसे घेऊन त्याने बदल्यात खरचटलेला सेट दिला आणि मावशींनी मूग गिळून तो घेतला.

तरी सुख नाहीच. दाताच्या फार जवळ गेलं की लेन्स नुसती घरघर करायची, फोकस धरायची नाही. रंग आपोआपवर ठेवला की दर फोटोत वेगळा. फोटोग्राफरने फोनवर दोनदा समजावलं, पांढऱ्या कागदावरून रंग कसा बसवायचा ते. तिसऱ्यांदा मावशींना विचारायची लाज वाटली, म्हणून यजमानांना विचारायला लावलं.

अखेर एका दुपारी खिडकीशी करड्या कापडावर डावीकडे कॅप, उजवीकडे नमुना ठेवून काढलेला फोटो असा स्वच्छ आला की सिरॅमिकवरच्या बारीक रेघासुद्धा मोजता याव्यात. मावशींनी तो लगेच डॉक्टरीणबाईंना पाठवला. खाली लिहिलं, नीट बघा, दोघांत काही फरक दिसतो का.

उत्तर लगेच आलं. "मावशी, फोटो फारच छान. डावीकडची कॅप किती पिवळी आहे, ते आता तुम्हालाही दिसलं ना?"

मावशींनी फोटो मोठा केला. आणखी मोठा केला. काही दिसेना. संतापून त्यांनी यजमानांना हाक मारली आणि काहीच न सांगता विचारलं, "अहो, यातला पिवळा कुठला?" त्यांनी सरळ डावीकडे बोट ठेवलं. मावशींना वाटलं, चिडवताहेत. त्यांनी कॅप आणि नमुना पाठीमागे नेऊन हातांतल्या हातांत बदलले आणि मुठी उघडल्या. यजमानांनी पुन्हा कॅपच दाखवली.

"तुम्हाला आधीपासून दिसत होतं?"

"मला वाटलं, तसाच करायचा असेल. तुझ्या कामात मी कशाला बोलू?"

मावशी स्टुलावर बसल्या. त्यांना भीती वाटली, साधी, लहान मुलासारखी भीती. "मला दोन्ही सारखेच दिसतात हो," त्या म्हणाल्या. मोतीबिंदू असेल, त्यात पिवळं कळेनासं होतं म्हणतात, काढतात हल्ली झटकन, डॉक्टरांकडे जाऊ, असं यजमान बराच वेळ बोलत राहिले. जाऊ, म्हणाल्या मावशी, पण पेशंट आठवडाभर बिनदाताचा बसणार नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पावडरीचं प्रमाण बदललं आणि नवी कॅप भाजली. भट्टीतून काढून ती निवल्यावर सवयीने खिडकीशी नेली, नमुन्याशेजारी धरली. मग हात खाली घेतला आणि दोन्ही यजमानांच्या तळहातावर ठेवले.

"तुम्ही बघा."

यजमानांनी चष्मा पुसला आणि ते उजेडाकडे वळले. मावशी दाताकडे न बघता त्यांच्या चेहऱ्याकडे बघत उभ्या राहिल्या.