फर्स्ट नेम: सौ

"झालं काका. आता पाहा कसा पळते," मी म्हणालो आणि बॅग भरू लागलो. सिंदी रेल्वे या गावातल्या एका सरकी-ढेपेच्या व्यापाऱ्याच्या घरी मी सकाळपासून कॉम्प्युटरशी झुंजत होतो.

रोग नेहमीचाच. काकूंनी हयातीत फुलपाखरांचा फुकटचा कर्सर उतरवून घेतला होता, त्याच्यासोबत स्पायवेअर शिरलं. स्पायवेअर म्हणजे चोंबडा पाहुणा. राहतो आपल्याकडे, खबरा देतो बाहेर. मी स्कॅन लावला, सापडलं ते काढलं, वर सगळ्या कुकीजही 'सिलेक्ट ऑल' करून पुसल्या. कुकी म्हणजे वेबसाइटनं आपल्या कॉम्प्युटरवर ठेवलेली चिठ्ठी. तिच्यावरून ती आपल्याला ओळखते. बहुतेक निरुपद्रवी असतात. पण निवडत कोण बसतो? सुक्याबरोबर ओलंही जळालं.

काकांनी रेसिपीची साइट उघडली आणि थांबले.

"वरतं नाव होतं. थे कुठं गेलं?"

"कोणतं नाव?"

"'वेलकम, सौ' येत जाय. रोज सकाळी थे पाहूनच दुकानात जातो मी."

मग उलगडा झाला. फॉर्म भरताना फर्स्ट नेमच्या रकान्यात काकूंनी 'सौ' लिहिलं होतं. आपल्याकडे बाईचं नाव सौ.पासूनच सुरू होतं. साइटनं पहिलं विचारलं, त्यांनी पहिलं लिहिलं. काकूंना जाऊन वर्ष झालं होतं. साइटला ते कुणी सांगितलं नव्हतं.

मला फार वाईट वाटलं. "काका, पुसलेली कुकी वापस येत नाई. नवीन करून देतो," म्हणत मी फॉर्म उघडला. "काकूंचं नाव शकुंतलाच ना?"

"हो. पण थे नको. सौ."

मी 'एस'कडे बोट नेलं. त्यांनी माझा हात धरला.

"तू नको लिहू. थे माह्यामुळं सौ. होती."

चष्मा लावून, एका बोटानं अक्षरं शोधत त्यांनी तीन बटणं दाबली. पानावर 'वेलकम, सौ' आलं.

"तसंच दिसते," ते म्हणाले. "फक्त आता मले माहीत हाय, कोणं लिहिलं."

त्या दिवसापासून कुकीज पुसण्याआधी मी प्रत्येक घरी विचारतो, "यात आपलं कोणी आहे का?" लोक हसतात. मी उत्तर मिळेपर्यंत थांबतो.