शोभाताईंच्या गुलाबाची काडी

आमच्या जठारपेठेतल्या गल्लीत गुलाबाच्या काड्या जगतात कमी, त्यांचे किस्से जगतात जास्त! काडीला मुळं फुटायला महिना लागतो, किस्सा मात्र संध्याकाळपर्यंत गल्लीच्या टोकाला पोचलेला असतो. आम्ही चार-पाच घरची माणसं वर्षानुवर्षं हाच उद्योग करतो. नर्सरीतून फुललेलं रोप आणणं आमच्यात कमीपणाचं समजतात. काडी मागून आणायची, मातीत खोचायची, आणि शेजाऱ्याची आधी फुटली की आठवडाभर तोंड पाडून फिरायचं. यात सगळ्यात जास्त तोंड पाडून कोण फिरतं, असं विचाराल तर मी. मी जळते. उगाच खोटं कशाला बोला!

आमच्यात एक रीत आहे. हातात दिलेली काडी लागत नाही, चोरलेली हमखास लागते, असं अकोल्यात सगळे मानतात. पण रोज चोऱ्या कशा करणार? म्हणून मालकाने काडी कापायची, कंपाउंडच्या भिंतीवर ठेवायची आणि पाठ फिरवायची. आपण ती गुपचूप उचलायची आणि चालू लागायचं. थँक्यू म्हणायचं नाही. थँक्यू म्हटलं की ते देणं झालं आणि काडी मेली!

एकदा गल्लीत नव्याने राहायला आलेल्या पुण्याच्या बाई गावंडे काकांच्या भिंतीवरची काडी उचलून 'खूप खूप आभार हं' म्हणाल्या. काकांनी गर्रकन वळून काडी त्यांच्या हातातून परत घेतली.

"आता हे जाळाच्याच कामाची राह्यली, बाई!"

त्या बाईंनी मग मनी प्लांट लावला.

*

गावंडे काका वीज खात्यातून रिटायर झाले आणि थेट मोबाइलमध्ये शिरले. एका व्हिडिओत त्यांनी पाहिलं, गुलाबाची काडी बटाट्यात खोचून ती बटाट्यासकट पुरली तर शंभर टक्के जगते. काका आरंभशूर. घरातले झाडून सगळे बटाटे त्यांनी भोकं पाडून पुरले. दुसऱ्या दिवशी एकादशी, आणि काकू स्वयंपाकघरात बटाटे शोधतायत!

थोड्या दिवसांनी काकांनी आम्हाला बोलावणं धाडलं. वाफ्यात हिरवीगार, टवटवीत पानं डोलत होती. आमच्या सगळ्यांच्या काड्या काळ्या पडलेल्या, आणि या माणसाचं एवढं रान माजलेलं! तोंडाने 'वा काका, वा!' म्हणत होते, पण आतून जीव जळत होता.

शोभाताई वाफ्यापाशी वाकल्या, एक पान चुरगाळून हुंगलं आणि शांतपणे म्हणाल्या, "गावंडे भाऊ, गुलाबाले आलूचे पानं काहून आले?"

पुढे काकूंनी तो वाफा खणला आणि बटाटे काढून उपासाची भाजी केली. आम्हाला वाटीवाटी पाठवली. "फुलं नाई त नाई, भाजी त झाली!" असा निरोप होता. इतकी चविष्ट भाजी मी त्या वर्षी दुसरी खाल्ली नाही, आणि त्याचं कारण बटाटे नव्हते.

*

आता शोभाताईंबद्दल सांगते. आमच्या दोघींच्या घरांमध्ये कमरेएवढी भिंत आहे, आणि माझं सगळं दुखणं त्या भिंतीपलीकडे आहे.

शोभाताई माझ्यापेक्षा वयाने मोठ्या. माहेर धामणगाव रेल्वेचं. तिथून आईच्या दारच्या गावठी गुलाबाची काडी त्यांनी लग्नानंतर आणली आणि ती इथे लावली. फूल दिसायला मोठं नाही, रंग फिका राणी, पाकळ्या कशाही. पण वास! सकाळी दूध घ्यायला दार उघडलं की भिंतीवरून तो वास माझ्या अंगणात यायचा आणि दूधवाल्यासमोर माझा चेहरा उतरायचा. माझ्याकडे तऱ्हेतऱ्हेचे गुलाब होते, पिवळे, दुरंगी, बशीएवढे. एकालाही वास नाही. मला तो गुलाब हवा होता. माझ्या अंगणात, माझ्या कुंडीत, माझ्या हातचा. बाकी काही नको होतं.

त्यात बाईंच्या हाताला असा गुण, की बघवत नाही. एकदा मे महिन्यात, अकोल्याचं ऊन म्हणजे बाहेर वाळत घातलेला टॉवेल पापडासारखा मोडेल असं, त्या फुलं तोडून आत आल्या. हातात वाळकं छाटलेलं एक काडकं होतं. फोन वाजला म्हणून ते कूलरच्या ओल्या खशीच्या गवतात खोचलं आणि विसरल्या. पावसाळ्यात कूलर काढायला गेल्या, तर खशीत मुळं आणि बाहेर पालवी! कूलरला गुलाब फुटला!

मी ते बघायला गेले आणि म्हणाले, "ताई, नशीब लागतं."

"नशीब कायचं वं? मी त फोनवर बोलत होती!"

मी घरी येऊन आमच्या कूलरमध्ये आठ-दहा काड्या खोचल्या. आमचे हे सोफ्यावर बसले होते. म्हणाले, "मले हवा लागन का आता, का फुलं आल्यावरच?" काडी एकही लागली नाही. कूलरचा पंप मात्र जळाला.

*

शोभाताई काडी द्यायला कधीच नाही म्हणायच्या नाहीत, हे आधी सांगायला हवं. दर पावसाळ्यात मी भिंतीपाशी जायचे, त्या कात्री घेऊन यायच्या. बाकीच्यांना त्या काय द्यायच्या माहीत आहे? खालची, जाडजूड, पान नसलेली, जळणाच्या लायकीची कांडकी. मला मात्र शेंड्याची, लालसर कोवळ्या पानांची, बघत राहावी अशी नाजूक डहाळी. भिंतीवर ठेवताना म्हणायच्या, "सगळ्यात सुंदर तुह्यासाठी निवडली, वंदना. तू माही शेजारीन."

आणि मी गावंडे काकांच्या कांडक्याकडे बघून मनात खूश व्हायचे. चला, कुठेतरी आपण वरचढ आहोत!

पहिल्या वर्षी तर त्या डहाळीला नवीन पानही आलं. मी गल्लीच्या ग्रुपवर फोटो टाकला, वर 'धामणगावचा गुलाब आता आमच्याकडे' असं लिहिलं, आणि सगळ्यांना पेढे वाटले. नंतर पान मलूल झालं. हलक्या हाताने काडी उपटून पाहिली, तर खाली मूळ म्हणून नाही. काडीने अंगातल्याच रसावर एक पान काढलं होतं आणि मान टाकली होती.

गावंडे काका उरलेला पेढा खाताखाताच म्हणाले, "मंजे हे बारशाचे नाई, तेरवीचे पेढे झाले!"

दुसऱ्या वर्षी मी काडीला मध लावून पुरली. मुळं आली नाहीत, मुंग्या आल्या. तिसऱ्या वर्षी हळद, त्यानंतर कोरफड. काडी तशीच कोवळी, तशीच सुंदर, आणि तशीच मरायची. शेवटी मला खात्री पटली की हा नजरेचा प्रकार आहे. मी कुंडीवर लिंबू-मिरची टांगली.

आमचे हे पेपर बाजूला ठेवून म्हणाले, "अवं, नजर तुही तिच्या झाडावर आहे. लिंबू तिच्या घरी टांग!"

*

हे सगळं चाललेलं असताना शोभाताई रोज संध्याकाळी माझ्याकडे एक कळशी पाणी न्यायला यायच्या. आमच्या भागातल्या बोअरच्या पाण्याची गोष्टच न्यारी. त्यांच्या बोअरला खारं पाणी लागलं, चहा फाटेल असं. आमच्या बोअरला गोड. मध्ये फक्त ती कमरेएवढी भिंत! नळ आला नाही की गल्ली माझ्या दारात.

कळशी भरताना त्या धारेकडे बघत राहायच्या.

"कसं गोड आहे बाप्पा तुहं पानी! आमच्या यायनं दोनदा खनलं, दोनी खेपा खारंच. देवानं कोनाले काय द्याचं, काई हिशोबच नाई."

"पाण्याला काय करायचंय ताई," मी म्हणायचे, "काडी एक लागत नाही."

"लागन ना," त्या म्हणायच्या. "पुढच्या वर्षी याच्याहून सुंदर देतो तुले."

*

सगळ्यात जिव्हारी लागली ती अमरावतीची गोष्ट. माझी नणंद तिकडे असते. तिला झाडांतलं ओ की ठो कळत नाही. मी निघाले तेव्हा शोभाताईंनी माझ्याबरोबर तिच्यासाठीही एक काडी दिली. रीतसर भिंतीवरून, पाठ फिरवून. अगदी वाळकं कांडकं. मलाच लाज वाटली. ओल्या फडक्यात गुंडाळून एसटीने नेलं आणि नणंदेला दिलं. तिने 'बरं' म्हणून ठेवून घेतलं.

दिवाळीला गेले तर गच्चीवर वास! धामणगावचा! मी कुंड्या ओलांडत धावले. एका तेलाच्या डब्यात मिरचीचं झाड, आणि त्याच्या शेजारी तो गुलाब, दोन फुलं लागलेला!

"हे कसं लावलंस?" माझा आवाज चिरकला होता.

"लावलं कुठं वहिनी? मिरची वाकून राह्यली होती, तिले टेका म्हनून ते काडकं खोवलं. टेकाच फुटला!"

परतीच्या बसमध्ये मी बडनेऱ्यापासून मूर्तिजापूरपर्यंत त्या टेक्यावर जळत बसले. यांनी संत्रं सोलून पुढे केलं, तेही खाल्लं नाही.

*

मग मी रीत सोडली. कोजागरी झाली की शोभाताई गुलाबाची छाटणी करतात. पुढच्या वर्षी छाटलेल्या फांद्यांचा ढीग त्यांनी घंटागाडीत टाकला आणि आत गेल्या. गाडी माझ्या दारापुढे आली. मी डबा रिकामा करायच्या निमित्ताने गेले आणि डबा भरून घेतला! भाजीची देठं, काय नि काय, त्यातून हात घालून पेन्सिलीएवढ्या जाड फांद्या ओढून काढल्या. हाताला काटे लागले. ड्रायव्हर खिडकीतून डोकं काढून बघत होता.

"काकू, गाडीत कचरा टाकाचा असते, काढाचा नसते!"

कोवळा शेंडा त्या ढिगात एकही धड उरला नव्हता, म्हणून नाइलाजाने जाड कांडकी लावली. मध नाही, हळद नाही, लिंबू नाही. आणि बाई, काय सांगू! लागली! सगळ्याच्या सगळ्या! तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. शेंड्यात जीव नसतो, जुन्या लाकडात असतो. बिचाऱ्या शोभाताईंना हे ठाऊक नसणार, असंही वाटलं. प्रेमापोटी मला सुंदर ते देत राहिल्या.

पुढच्या थंडीत पहिलं फूल उमललं. शोभाताई कळशी घेऊन आल्या आणि दारातच थबकल्या.

"हा कुठून आनला?"

"नर्सरीतून," मी म्हणाले.

त्यांनी फूल हुंगलं. "असन बाप्पा. नर्सरीवाल्याले माह्या आईनंच देल्ला असन!"

*

यंदाचा उन्हाळा मात्र वाईट गेला. नळाचा पत्ता नाही, टँकर यायचा तो पिण्यापुरता. मी म्हटलं, ताई, झाडांनाही आमचं पाणी न्या. पण त्यांचे गुडघे धरलेले, एका कळशीलाच चार वेळा टेकायच्या. आणि झाडासाठी पाणी मागायला त्यांचं मनही घेईना. शेवटी त्यांनी बोअरचं खारं पाणी घातलं. गुलाबाची पानं कडेने करपली, मग फांद्या काळ्या पडल्या. ज्येष्ठ सरेपर्यंत बुंध्यापर्यंत वाळला. ज्या दिवशी त्यांनी तो उपटला, त्या दिवशी त्या पाण्याला आल्या नाहीत. भिंतीवरून पाहिलं तर खड्ड्यापाशी पाटावर बसून होत्या. इतकी वर्षं त्या झाडावर जळले, पण त्या दिवशी मला खरंच रडू आलं.

पहिले दोन-चार पाऊस झाले आणि त्या आल्या. हातात कळशी नव्हती, कात्री होती. माझ्या गुलाबाला त्या दिवशी भरपूर फुलं होती. सगळं अंगण वासाने भरलेलं.

"वंदना, एक काडी दे वं."

बस, एवढंच. आयुष्यभर मी ज्या भिंतीपाशी उभी राहिले, त्या भिंतीच्या माझ्या बाजूला त्या उभ्या होत्या. खरं सांगते, त्या क्षणीही माझा जीव वर-खाली झाला. हिच्या हाताला गुण आहे, पुन्हा हिचा माझ्याहून जास्त फुलेल! माझ्या हाताने काही कापवेना.

"तुम्हीच घ्या ताई," मी म्हणाले आणि रीतीप्रमाणे पाठ फिरवली.

कात्रीचा आवाज येईना. मी समोर तुळशीकडे बघत उभी. सांगू की नको? नाही सांगितलं तर शेंड्याची नेतील, ती मरेल, वास माझ्याच अंगणात राहील. पण तो रिकामा खड्डा आणि तो पाट डोळ्यांपुढून हलेना. शेवटी न वळताच म्हटलं, "ताई, शेंड्याची नका घेऊ. सुंदर दिसते, पण लागत नाही. खालची घ्या, जाड, जुनी."

मागून आवाज आला, "मले शिकवतं का? इतके वर्सं तुले शेंड्याची कोन देत होतं?"

आणि कात्री वाजली.