झरमिनाला बसवायचं कसं?

कुठल्याही मैदानावर किस्से तयार होतात ते खेळ चालू असताना नव्हे, पोरी पाणी प्यायला थांबतात तेव्हा. भांडुपच्या आमच्या मैदानावर मी कित्येक वर्षं संध्याकाळी मुलींना खो-खो शिकवते. दिवसा मुलुंडला बँकेत असते. बँकेतलं सगळं मी बँकेतच विसरून येते, मैदानावरचं मात्र घरी येतं. नवरा म्हणतो, "शुभा, आधी पाय धू, मग सांग." पण पाय धुवेपर्यंत कोणाला दम असतो!

आणि खरं सांगायचं तर हल्ली त्यातले निम्मे किस्से एकाच मुलीचे असतात. ती आता इथे नाही, तरी तिचे किस्से काही संपत नाहीत.

*

पहिल्या दिवशी झरमिना आईबरोबर जाळीबाहेर उभी होती. बारीकशी, अकरा-बारा वर्षांची, पायांत चमकीचे सँडल. आईच्या डोक्यावर रुमाल. आई-मुलगी अफगाणिस्तानातून आल्या होत्या आणि मुलीच्या मामाकडे राहत होत्या. हा मामा एका सुकामेव्याच्या व्यापाऱ्याकडे कामाला होता. वडील दुसऱ्याच वाटेनं बाहेर पडून कॅनडात पोचले होते. कागद झाले की या दोघी तिकडे जाणार होत्या. कधी, ते कोणालाच माहीत नव्हतं.

मी त्यांना आत बोलावलं. मुलगी पुढे आली आणि अत्यंत आदबीनं म्हणाली, "माताजी, आपकी आज्ञा हो तो मैं खेलूँ?"

माझ्या पोरी हसून हसून मातीत लोळल्या. झरमिनाची सगळी हिंदी टीव्हीवरच्या मालिकांमधून आलेली होती! पुढे कित्येक दिवस मला पाण्याची बाटली हवी असली तरी कोणीतरी म्हणायचं, "माताजींची आज्ञा झाली आहे."

मी तिला पळणाऱ्यांमध्ये उभं केलं. सँडल काढून ती जी सुटली ती कोणाच्या हाताला लागेना. माझ्या पोरींतली सर्वांत चपळ, सानिका, चष्मा सावरत तिच्यामागे फिरून फिरून दमली. बसलेल्या मुलींच्या मधून ही अशी वळायची की समोरचीचा हात हवेतच राहायचा. मी तिच्या आईला विचारलं, एवढं छान पळायला कुठे शिकली?

"रास्ते में," आई म्हणाली.

मी हसले. मग ती हसत नाहीये हे माझ्या लक्षात आलं.

*

आता खो-खोत नुसतं पळता येऊन भागत नाही. एका डावात पळायचं, दुसऱ्या डावात पाठलाग करायचा. पाठलाग करणाऱ्या मुली ओळीत उकिडव्या बसतात. एकीचं तोंड इकडे, दुसरीचं तिकडे. आणि मागून येणारी तुमच्या पाठीवर थाप देऊन "खो" म्हणते, की उठून पळायचं. थाप देणारीनं तुमच्या जागी बसायचं. साधा खेळ आहे, पोरं गल्लीत खेळतात.

झरमिनाला ओळीत बसवलं. मागून सानिका आली आणि तिनं पाठीवर खो दिला. पुढच्याच क्षणी सानिकाचा चष्मा मातीत पडलेला आणि गालावर बोटं उमटलेली!

झरमिना तिच्यापेक्षा जास्त घाबरली होती. ती धावत जाऊन भिंतीला पाठ लावून उभी राहिली. थोड्या वेळानं सानिकाची आई, गावडेवहिनी, गाल बघून तरातरा मैदानावर आली. कोणी मारलं विचारल्यावर सानिका शांतपणे म्हणाली, "खांबाला आपटले." वहिनीनं खांबाकडे बघितलं, गालावरच्या बोटांकडे बघितलं आणि मुलीला घेऊन निघून गेली. वहिनी मालवणची. तिला न सांगता सगळं कळतं.

नंतर झरमिनाच्या आईनं मला सांगितलं. सगळ्या वाटेवर तिनं लेकीला एकच शिकवलं होतं, कुठेही बसायचं तर पाठ भिंतीला. मागून जो येईल तो आपला नसतो. मला तर तिला नेमकं उलटं शिकवायचं होतं.

*

पोरी मात्र असल्या गोष्टींनी गप्प बसत नाहीत. त्यांना सगळं माहीत करून घ्यायचं होतं. बॉम्ब बघितलास? बर्फात चाललीस? भूक लागली तर काय खाल्लंस? मी ओरडले, की असं विचारू नये. पण झरमिनानंच तोडगा काढला. तुम्ही एक विचारा, मग मी एक विचारणार.

तिचे प्रश्न भारी असायचे. तुमच्या चपला दाराबाहेर असतात, कोणी नेत कसं नाही? मैदानात शिरताना मातीला हात लावून कपाळाला का लावता? बिल्डिंगमधल्या काकूला तुम्ही काय जेवलात हे कसं कळतं?

एकदा कोणीतरी तिला विचारलं, घरातून निघालीस तेव्हा रडलीस का?

नाही, ती म्हणाली. कारण आईनं तिला सांगितलं होतं, की आपण लग्नाला चाललोय. म्हणून तर ते चमकीचे सँडल! गाडीत, ट्रकमध्ये, डोंगरातून चालताना, सगळीकडे ती लग्नालाच चालली होती. बॅगेत नवीन फ्रॉक होता, तो मळू नये म्हणून तिनं वाटेत घातला नाही. शेवटी दिल्लीच्या विमानतळावर उतरल्यावर तिनं आईला विचारलं, नवरी कुठाय?

त्या दिवशी पाण्याची वेळ संपली तरी कोणी उठलं नाही. मीही शिट्टी वाजवली नाही.

*

सानिका घरी जाऊन हे बोलली असणार. कारण पुढच्या रविवारी गावडेवहिनीच्या बहिणीचं लग्न होतं, त्याचं आमंत्रण झरमिना आणि तिच्या आईला गेलं. वहिनी स्वतः गेली, हळदीकुंकवाची डबी घेऊन. त्यांच्यात हे चालतं का वगैरे विचार तिनं केला नाही. त्यांनी ती डबी कौतुकानं फडताळात ठेवली.

झरमिना तो न मळलेला फ्रॉक घालून आली. तोवर तो आखूड झाला होता. हॉलमध्ये ती सरळ स्टेजवर गेली आणि नवरीच्या हाताला बोट लावून बघितलं. मग सानिकाला म्हणाली, "असली है."

तिनं अक्षता टाकल्या, जिलेब्या खाल्ल्या, फोटोवाल्याच्या मध्ये मध्ये आली. सगळं आटोपलं, लोक पानं खाऊन निघायला लागले. फ्रॉकचं टोक मुठीत धरून तिनं गावडेवहिनीला विचारलं, "अब कहाँ जाना है?"

वहिनी उरलेले नारळ पिशवीत भरत होती. मान वर न करता म्हणाली, "खंय म्हणजे? घराक!"

*

इकडे मैदानावर माझी डोकेदुखी तशीच होती. आंतरमंडळ स्पर्धा जवळ आली होती आणि झरमिनाला खेळायचं होतं. तिच्यासारखी पळणारी दुसरी नव्हती. पण जिला बसता येत नाही तिला नऊ जणींत घेणार कशी? मी तिला स्पष्ट सांगितलं, बसलीस तर टीममध्ये. कागद आले तर ती त्याआधीच जाईल, हेही तिला ठाऊक होतं.

मी शक्कल लढवली. डावाच्या सुरुवातीला एक मुलगी बसलेली नसते, ती खांबापाशी उभी असते आणि पाठलाग सुरू करते. ती जागा झरमिनाला दिली. आता तिला सुरुवातीला तरी बसावं लागणार नव्हतं. शिट्टी वाजली, ती सुटली. एक फेरी, दुसरी फेरी, तिसरी. बाकीच्या आठ जणी बसून वाट बघतायत, ही कोणाला खो देईच ना! खो दिला की त्या जागी बसावं लागतं ना. बाईसाहेब एकट्याच सगळ्या मैदानभर फिरत राहिल्या. लालबुंद झाली, धापा टाकायला लागली, तरी थांबेना.

शेवटी बसल्या बसल्या सानिका ओरडली, "अगं, आम्हाला पण खेळू दे!"

मग सानिकानंच उपाय काढला. झरमिनाला खो देताना आधी स्वतःचं नाव सांगायचं. "सानिका, खो." "तन्वी, खो." पाठीमागे कोण आहे हे कळलं की झाली भीती कमी. आणि खरंच, झरमिना बसायला लागली. डोळे घट्ट मिटून, खांदे कानांपर्यंत चढवून, पण बसायला लागली.

फक्त खेळाची वाट लागली. नाव ऐकू आलं की पळणाऱ्या मुलींना कळायचं, आता खो कुठे पडणार. आम्ही आमच्याच लहान मुलींकडून हरलो. जाळीबाहेरून बघणाऱ्या कोणा आजोबांनी मला गंभीरपणे विचारलं, "बाई, खो-खो आहे की उखाण्यांचा कार्यक्रम?"

आणि सामन्यात हे चालणारही नव्हतं. खो म्हणजे फक्त खो. जास्त शब्द काढला तर पंच शिट्टी वाजवणार.

*

कॅनडाचा किस्सा आधी सांगून टाकते. कागद आले, आणि या दोघी वडिलांकडे गेल्या. विमानतळावर वडील फुलं घेऊन उभे होते म्हणे आणि हिनं त्यांना पहिलं काय विचारलं, तर इथे मैदान कुठे आहे.

तिथल्या शाळेत तिनं खो-खोची टीम काढायची ठरवली. मग एके दिवशी मला फोन आला. मागे मुलांचा गोंधळ ऐकू येत होता. आवाज रडवेला.

"ताई, प्रॉब्लेम झाला."

मला वाटलं, तिकडे कोणी काही बोललं की काय. मी म्हटलं, बोल बाळा, काय झालं?

"इथे कोणालाच उकिडवं बसता येत नाही. सगळे मागे पडतात."

*

तर तो सामना. त्या दोघी जाण्याच्या जरा आधी, स्पर्धेत झाला. समोर पार्ल्याचा तगडा संघ. मी झरमिनाला नऊ जणींत घेतलं होतं आणि रात्रभर माझा डोळा लागला नव्हता. नुसता खो मिळणार म्हणून ती बसली नाही, तर आमचा डाव गेला, आणि तिचं मन मोडलं ते वेगळंच.

पळण्याचा डाव तिनं गाजवला. मग पाठलाग आला. नेहमीप्रमाणे खांबापासून तीच सुटली. एक फेरी झाली. दुसरी फेरी झाली. आणि मग तिनं सानिकाच्या पाठीवर थाप दिली, "खो," आणि सानिकाच्या जागी जाऊन बसली. पाठीमागे उघडं मैदान.

तेवढ्यात माझ्या शेजारच्या खुर्चीवरून तिची आई उठली. सरळ चालत गेली आणि झरमिनाच्या मागे, मैदानाच्या रेषेवर, दोन्ही हात जरा पसरून उभी राहिली.

पंचांनी शिट्टी वाजवली. खेळ थांबला. बाई, रेषेपाशी उभं राहायचं नाही, ते म्हणाले. ती हलली नाही. त्यांनी हिंदीत सांगितलं. ती हलली नाही. पार्ल्याचे पालक कुरकुरायला लागले. मी धावत पंचांकडे गेले, पण काय सांगणार त्यांना? सुरुवात कुठून करणार? ते घड्याळाकडे बघत होते. आता बाईंना बाहेर काढा, नाहीतर डाव देऊन टाका, असं ते मला म्हणाले.

झरमिना जागच्या जागी बसून होती. मान वळवली नाही, डोळे मिटले नाहीत. समोर बघत, तिच्या भाषेत आईला काहीतरी बोलली. फार लांब नव्हतं ते. एखादं वाक्य असेल.

आईचे हात खाली आले. ती परत येऊन माझ्या शेजारी बसली. शिट्टी झाली. धूळ उडवत सानिका खांबाला वळसा घालून आली, झरमिनाच्या पाठीवर थाप पडली, "खो," आणि पोरगी बाणासारखी सुटली. पुढचं मला दिसलं नाही, कारण माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं आणि झरमिनाची आई माझा हात घट्ट धरून बसली होती.

मी तिला विचारलं, काय म्हणाली गं ती?

आईनं रुमालानं नाक पुसलं.

"बोली, आप जाकर बैठो. पीछे सानिका है."