पेटी परकी झाली

अप्पा गेल्याचा फोन आला तेव्हा मी कुरुंद्यात होते, एका भजनी मंडळाची दुरुस्त केलेली पेटी पोचवायला. औंढ्याला परत येईपर्यंत डोक्यात एकच विचार भणभणत होता... आता गिऱ्हाइकांचं बोलणं मला कोण समजावून सांगणार? बाप गेल्यावर सुचायचं ते हे! पण खरं तेच आहे, आणि महिना उलटला तरी तो विचार पाठ सोडत नाही.

आमचं दुकान पेट्यांचे सूर लावून देण्याचं. काम मी अप्पांकडूनच शिकले, हातही बरा बसला. पण गिऱ्हाईक कधी ‘अमुक सूर उतरला’ असं सरळ सांगत नाही. ‘पेटी रुसून राहिली’, ‘तिचा घसा बसला’, ‘आंबट लागून राहिली’... मी वैतागायची. अप्पा शांतपणे विचारायचे, “कवा व्हतंय असं?” एकदा एक बाई म्हणाली, “अप्पा, पेटीला हळद लागली.” मी हसत सुटले, “मग नवरदेव कोण?” अप्पांनी पेटी उघडली. हळद दळतात त्या खोलीतच ती ठेवलेली. आतल्या पितळी पट्ट्यांवर पिवळी भुकटी बसली होती. बाईनं सांगितलं ते अक्षरशः खरं होतं.

अप्पा काही मनकवडे नव्हते. सिद्धेश्वर गावचे एक भजनी बुवा म्हणाले, “पेटी माझ्या पुढं पळून राहिली.” अप्पांनी भाता बदलला, सूर पुन्हा लावले. बुवा पुन्हा दारात! तेव्हा कुठं अप्पांनी त्यांना गायला लावलं... आणि उलगडा झाला. पेटी ठीक होती, वयानं बुवांचा आवाज खाली आला होता. “आता एक पट्टी खालून म्हणा, बुवा. थांबंल ती तुमच्यासाठी.”

मागच्या आठवड्यात आईनं घरची पेटी माझ्यापुढं ठेवली. “ही परकी झाली गं. बघ बरं.” मी वाजवून पाहिली. सूर जिथल्या तिथं. तरी उघडली, पुसली, पुन्हा वाजवली.

“आता?”

“न्हाई.”

पुन्हा उघडली. घरच्या माणसाचंही कळत नसेल तर दुकान उघडायचं कशाला? शेवटी ओरडलेच, “आई, सगळं बराबर हाय!”

“तुला आसंल. मला खालून कायतरी कमी लागून राहिलं... घुंऽऽ असं ऱ्हायचं बघ.”

भात्यावरचा माझा हात थांबला. अप्पा पेटी वाजवताना ओठ मिटून खालचा सा गुणगुणायचे. त्यांचं त्यांनाही ते कळत नसे. लग्न झाल्यापासून आईनं ही पेटी एकटी अशी कधी ऐकलीच नव्हती. मला रडू फुटलं. पुन्हा पेटी वाजवायला लागले, अप्पांसारखेच ओठ मिटले आणि माझ्या पातळ आवाजात जमेल तेवढा तो सा धरला.

आई डोळे मिटून ऐकत राहिली. मग म्हणाली, “व्हय... आली जराशी जवळ.”