फाउस्तिनोचं खेचर आणि अहिल्याताई

एकतीस वर्षं आमच्या भागात ख्रिसमसच्या दिवशी ज्याचं म्हणून अपेंडिक्स बिघडलं, त्याला भूल बहुतेक अहिल्याताईंनीच दिली असणार. डिसेंबरच्या ड्युट्या लागायला लागल्या की हॉस्पिटलातले बाकीचे डॉक्टर एकमेकांची नजर चुकवत, आणि अहिल्याताई आपणहून म्हणत, "तुम्ही जा रे घरी. आमचा कुठे सण आहे?" दिवाळीलाही त्या ड्युटीवरच असत, कारण दिवाळीला इथे परदेशात सुट्टीच नसते. म्हणजे सण कुणाचाही असो, बाई कामावर.

श्रूजबरीतल्या आम्हा मराठी मंडळींत त्यांचं 'नको' प्रसिद्ध आहे. चहा विचारला, नको. खुर्ची पुढे केली, नको, मी बरी आहे उभी. पण हे आपल्याकडचं नको. पहिलं रीत म्हणून, दुसरं समोरच्याचा आग्रह खरा आहे का ते बघायला, आणि तिसऱ्या वेळी, "बरं, तू एवढं म्हणतोस तर अर्धा कप." आम्हाला हे पाठ असल्यामुळे अहिल्याताईंना आजवर चहा मिळत आला.

मागच्या वर्षी त्या रिटायर झाल्या आणि वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, पहिल्याच मोकळ्या ख्रिसमसला, म्हणाल्या, "मला कोलंबियाच्या डोंगरात जायचंय. पाठीवर बॅग टाकून." ऑपरेशन थिएटरमधली एक कोलंबियन नर्स वीस वर्षं त्यांना आपल्या गावाकडच्या डोंगरांबद्दल सांगत आली होती. तेव्हापासून हे डोक्यात होतं म्हणे. बाईंनी जन्मात पहिल्यांदा स्वतःसाठी काही मागितलं होतं, त्यामुळे नाही म्हणायची आमची छाती नव्हती. मी, माझी बायको आश्लेषा आणि शेजारचा मनोहर, असे तिघं तयार झालो.

विरोध फक्त त्यांच्या मुलीचा, अंतराचा. "आई, विथ दॅट नी? आर यू सीरियस?"

"गुडघा माझा आहे, मी बघते," अहिल्याताई म्हणाल्या. पण फोन ठेवल्यावर डावा गुडघा दाबत बसल्या. वाटेतली उंच खिंड पायी पार झाली तर ठीक. अर्ध्यातून परत यावं लागलं, तर अंतराचं म्हणणं खरं ठरणार आणि यापुढे आईने सोफ्यावर बसून मोजे विणायचे, हे घरात ठरून जाणार. त्यांना विणता येत नाही.

पहिला दिवस छान गेला. संध्याकाळी डोंगरातल्या एका शेतघरात मुक्काम केला. घरच्या बाईने आल्या आल्या गरम गूळपाणी दिलं, सोबत चीजचा तुकडा. गूळपाणी! आम्हाला माहेरी आल्यासारखं वाटलं आणि तिथेच घात झाला. माहेर समजून आम्ही वागायलाही तसेच लागलो. सूप संपल्यावर बाईने "अजून?" अशी खूण केली. चौघांनीही पोटावर हात ठेवून नको नको केलं. तिने हसून पातेलं उचललं आणि कुत्र्यांना वाढलं.

"अगं, पुन्हा विचार तरी," आश्लेषा मराठीत पुटपुटली. त्या रात्री आम्ही मनोहरच्या बॅगेतला चिवडा खाल्ला.

यावरून आम्ही शहाणे व्हायला हवं होतं. नाही झालो.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे चोवीस डिसेंबरला, खिंड चढायची होती. तासाभरातच अहिल्याताईंचा गुडघा नारळाएवढा झाला. त्या दगडावर टेकल्या होत्या, तेवढ्यात शेतघरातला मुलगा फाउस्तिनो रिकामं खेचर घेऊन मागून आला. खिंडीपलीकडच्या गावातून सणाचं सामान आणायला चालला होता. त्याने गुडघा बघितला, खेचराच्या पाठीवर थाप मारली आणि विचारलं, "सेन्योरा?"

"नो, नो, ग्रासियास," अहिल्याताई गोड हसून म्हणाल्या. आणि बोलता बोलता बॅगेचा पट्टा सोडायला लागल्या, चढायच्या तयारीने.

फाउस्तिनोने टोपीला हात लावला आणि खेचर घेऊन वळणाआड गेला.

मनोहर म्हणाला, "ताई, तुम्ही नको म्हणालात."

"हो, म्हणाले. पण माणसाने पुन्हा विचारू नये?"

"त्याला काय माहीत यार, आपलं तीनदाचं?"

"मनोहर, तू गप बस. तुला तरी हाक मारता आली असती!"

आता दोनच वाटा होत्या. खाली शेतघरात परत जायचं, तिथून दुपारची जीप सुटायची. किंवा वर खिंडीत, साडेतीन तास. मी जीपचा विषय हळूच काढला. अहिल्याताईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्या गुडघ्याकडे बघत होत्या, पण स्वतःच्या नव्हे, एखाद्या पेशंटच्या गुडघ्याकडे बघावं तशा. पट्टी घट्ट बांधली, गोळी घेतली, मनगट धरून नाडी मोजली. मग आमच्याकडे वळल्या.

"मला मदत लागेल," त्या म्हणाल्या.

हे वाक्य आमच्यापैकी कुणीच त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. आश्लेषाचे डोळे भरले. मनोहर घाबरलाच.

"तू माझी बॅग घे," त्या मला म्हणाल्या. "आश्लेषा, पाणी तुझ्याकडे. मनोहर, दोन्ही काठ्या मला दे. तुला कशाला लागतात, नुसत्या फोटोपुरत्या आणल्यास."

आणि बाई निघाल्या. चाळीस पावलं टाकायची, थांबायचं, नाडी बघायची, "ठीक आहे" म्हणायचं आणि पुढची चाळीस. आजूबाजूला सशाच्या कानांसारख्या केसाळ पानांची पुरुषभर उंच झाडं धुक्यात उभी होती. त्यांनी एकेका झाडाजवळ थांबून पान चाचपून पाहिलं. दम आम्हाला लागत होता. एकतीस वर्षं ऑपरेशन टेबलाच्या उशाशी बसून जे त्यांनी हजारो माणसांचं केलं, ते आज स्वतःचं करत होत्या. ना घाई, ना तक्रार, श्वासावर नजर. मी मागून दोन बॅगा घेऊन धापा टाकत होतो आणि मनात म्हणत होतो, माझं कधी काही कापायची वेळ आली तर उशाशी हीच बाई पाहिजे.

साडेतीन तासांचे पाच झाले. खिंडीवरचा लाकडी क्रूस दिसायला लागला, तेव्हा समोरून फाउस्तिनो परत येताना दिसला. खेचरावर दोन्ही बाजूंना भरलेली पोती. त्याने अहिल्याताईंना पाहून तोंडात बोटच घातलं. टोपी काढली, वाट सोडून बाजूला उभा राहिला. विचारलं मात्र काही नाही. सकाळी नको म्हणालेल्या बाईला पुन्हा विचारणं त्याच्याकडे बहुधा उद्धटपणाचं असावं.

अहिल्याताई त्याच्यासमोर थांबल्या. खेचराकडे बोट केलं, मग स्वतःकडे.

"पोर फावोर," म्हणजे प्लीज, त्या म्हणाल्या. एकदाच आणि स्पष्ट.

फाउस्तिनोने पोती उतरवून झाडाला टेकवली. मनोहरने हातांचा पाळणा केला. सदुसष्ट वर्षांच्या डॉक्टर अहिल्याताई "अगं बाई, अगं बाई" करत खेचरावर चढल्या आणि ताठ बसून खिंडीकडे निघाल्या.

मनोहर कुरकुरत मागे चालू लागला. "अहो ताई, जेमतेम शंभर पावलं राहिली होती! एवढं सगळं चालून आलात, तेवढीही झाली असती."

"झाली असती रे," अहिल्याताई वरून म्हणाल्या. "पण मला खेचरावर बसायचं होतं."