आधी दोर, मग कॅमेरा

जगातला सगळ्यात उशिरा फोटो काढणारा पेपरवाला फोटोग्राफर कोण, असं मला कुणी विचारलं, तर मी डोळे झाकून आमच्या ब्राउनश्वाइगच्या घरमालकीणबाईंच्या धाकट्या भावाकडे बोट दाखवीन. पन्नासचं दशक सरत आलं होतं, मी तिथे जर्मनीत इंजिनियरिंग शिकत होतो आणि हे गृहस्थ एका स्थानिक पेपरात नोकरीला होते. खांद्याला भलीमोठी चामडी बॅग. त्यात सगळ्यात वर जाडजूड दोर, त्याखाली घोंगडी, मग कोन्याक ब्रँडीची चपटी बाटली, आणि पार तळाशी बिचारा कॅमेरा! आग लागो की पूर येवो, हे सगळ्यांच्या आधी पोचायचे आणि फोटो मात्र सगळं आटोपल्यावर काढायचे. त्यामुळे त्यांच्या पेपरात आगीच्या बातमीखाली घोंगडी पांघरून कॉफी पिणारी माणसं दिसत. "अहो, मी तुम्हाला आगीला पाठवतो की कॉफीपानाला?" असं संपादक कपाळाला हात लावून विचारायचे. हे "या, या, गेनाऊ", म्हणजे 'हो, हो, अगदी बरोबर', म्हणत मान डोलवायचे. शिवाय फोटो काढण्याआधी परवानगी विचारायची खोड होतीच. बागेतल्या एका बदकालाही "काढू का?" असं विचारताना मी त्यांना पाहिलंय. बदक निघून गेलं. यांनी मुकाट्याने कॅमेरा मिटला.

मी त्यांना भरपूर चिडवायचो. एकदा मात्र जरा तावातावाने म्हणालो, "पण संकटातल्या माणसाचं चित्र कुणी दाखवलंच नाही, तर जगाला कळणार कसं?" त्यांनी कप खाली ठेवला.

"हेर डॉक्टर," ते म्हणाले (म्हणजे डॉक्टरसाहेब; मी अजून साधा इंजिनियरही झालो नव्हतो!), "लढाईत एक माणूस जळत्या घराच्या खिडकीला लोंबकळत होता. मी कॅमेरा नीट लावला. फोटो फार चांगला आला. डोळा बाजूला घेऊन पाहिलं, तर खिडकीत कुणीच नव्हतं. आल्झो, म्हणून तेव्हापासून दोर वर."

त्या हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यावर स्केटिंग करणाऱ्यांचे फोटो काढायला ते निघाले, मीही सोबत गेलो. दुसऱ्या पेपरचा फोटोग्राफरही तिथे होता. एक आजीबाई कुत्र्यामागे पातळ बर्फावर धावल्या आणि एकदम छातीपर्यंत पाण्यात गेल्या. आमच्या गृहस्थांनी दोराचं एक टोक कमरेला बांधलं, दुसरं माझ्या हातात कोंबलं आणि पोटावर सरपटत निघाले. माझे बूट घसरायला लागले. मी त्या दुसऱ्याला ओरडलो, "दोर धरा!" "एक क्षण," असं म्हणून तो काठाकाठाने पुढे गेला आणि त्याने कॅमेरा डोळ्याला लावला. माझं जर्मन जागच्या जागी संपलं. "मेल्या, धर की!" मी अस्सल मराठीत किंचाळलो. तो नाही आला, पण स्केटिंगवाले धावले आणि आम्ही दोघांनाही ओढून काढलं. कुत्रा केव्हाच काठावर येऊन आमच्यावरच भुंकत होता.

दुसऱ्या दिवशी त्या दुसऱ्याच्या पेपरात पहिल्या पानावर आमचे गृहस्थ झळकले. यांच्या पेपरात काय, तर कोन्याक पिणाऱ्या आजीबाई आणि कुत्रा! "आपला फोटोग्राफर, आणि फोटो त्यांच्याकडे?" असं म्हणत संपादकांनी त्यांना नोकरीवरून काढून टाकलं. ते मला एवढंच म्हणाले, "त्याने मला विचारलं नाही."

पुढे त्यांनी पासपोर्ट फोटोंचं छोटं दुकान टाकलं. मी भारतात परतताना त्यांनी माझा फोटो काढला, तोही "काढू का?" विचारून. स्वतःचा मात्र कधी काढू दिला नाही.

ते गेल्याचं घरमालकीणबाईंनी कळवलं, तेव्हा मी घरभर त्यांचा फोटो शोधला. सापडलं ते फक्त त्या दुसऱ्या पेपरातलं कात्रण. तळ्यावर मला मागून त्यांच्या बुटांचे तळच दिसले होते. फोटोत चेहरा दिसतो. घाबरलेला, अगदी पोरासारखा घाबरलेला, आणि तरी हात पुढे. ते इतके घाबरले होते हे मला त्या फोटोनेच सांगितलं. तो काढणाऱ्याचा मला अजून संताप येतो. आणि ते कात्रण मी कुणाच्या हातात देत नाही.